अठराव्या खेपेचा गाळ

"नेलपॉलिशची बाटली फुटली का हो कुठं?" बायको स्वयंपाकघराच्या दारातच थबकली आणि तिने नाकावर हात धरला. तो ओट्याशी उभा होता. हातात गाळाची रिकामी बरणी होती, आणि बरणीतलं सगळं त्याने अर्ध्या मिनिटापूर्वी वीस लिटर द्राक्षाच्या रसात ओतलं होतं. ओतण्याआधी वास घेतला होता. नेहमीसारखे डोळे मिटून, छाती भरून घेतला होता आणि मनाशी म्हणाला होता, पाव. ताज्या पावाच्या मधल्या पांढऱ्या भागाचा वास, किंचित ओलसर. चांगल्या गाळाला हाच वास येतो. तो त्याला आला होता, इतका स्वच्छ आला होता की तोंडाला पाणी सुटलं होतं.

"कसला वास?" त्याने विचारलं.

"कसला काय कसला? दाखवा ती बरणी." तिने बरणी नाकाशी नेली न नेली तोच हात लांब केला. "शी. अहो, हे सडलंय पार. रसात घातलंत की काय?"

"नाही," तो म्हणाला. "धुवायला काढली होती."

रविवारची सकाळ होती, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, आणि अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तो बायकोशी इतक्या किरकोळ गोष्टीवरून पहिल्यांदाच खोटं बोलला होता. मोठ्या गोष्टींवरून बोलला असेल, कोण नाही बोलत. तिने बरणी नळाखाली धरली, भरपूर साबण घातला, खिडकी सताड उघडली आणि पिशवी घेऊन बाजारात गेली. जाताना म्हणाली, "तुमच्या नाकाला काय झालंय आज? सर्दी झाली असेल तर काढा घ्या." त्याला सर्दी नव्हती. सर्दी असती तर त्याने देवाचे आभार मानले असते.

घरात वाइन करायचा नाद त्याला आठ वर्षांपूर्वी लागला. पहिल्या खेपेला त्याने यीस्टचं पाकीट विकत आणलं, ते पहिलं आणि शेवटचं. वाइन तयार झाली की ती वरच्यावर नळीने काढून घ्यायची. काचेच्या मोठ्या बरणीच्या तळाशी दोन बोटं जाडीचा चिखल उरतो. लोक तो मोरीत ओततात. हा ओतायचा नाही. त्यात उकळून गार केलेलं पाणी घालायचं, बरणी हलवायची आणि पाव तास वाट पाहायची. सालं, बियांचे तुकडे, मेलेलं यीस्ट असला जड माल खाली बसतो. वर जे गढूळ पाणी राहतं त्यात जिवंत माल असतो. तेवढं अलगद दुसऱ्या बरणीत ओतायचं आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. दोन दिवसांत तळाशी सायीच्या रंगाचा थर धरतो. पुढच्या खेपेला तोच थर रसात घालायचा, की चार तासांत बुडबुडे सुरू. बायको त्याला 'तुमचं विरजण' म्हणायची, आणि खरंच त्यात विरजणापेक्षा वेगळं काही नव्हतं. फक्त एक होतं. पुस्तकात लिहिलं होतं की असा गाळ पाच-सहा खेपांपेक्षा जास्त चालवू नये, कारण कुठल्यातरी खेपेत नको ते जंतू शिरतात, ते दिसत नाहीत आणि मग पुढच्या प्रत्येक खेपेत वारशासारखे उतरत जातात. त्याने अठरा खेपा चालवला होता. पुस्तक ज्यांना वास कळत नाही त्यांच्यासाठी असतं, असं तो म्हणायचा, आणि हे म्हणायचा त्याला अधिकार होता.

कारण नाक हीच त्याची नोकरी होती. डेअरीच्या फलाटावर रोज पहाटे साडेचारशे डबे उतरतात. रोलरवरून डबा समोर आला की झाकण उचलायचं, उलटं करून नाकाशी धरायचं, आणि दोन सेकंदांत सांगायचं, आत की परत. दुधाचा वास दुधात कमी आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जास्त असतो, तिथे तो कोंडून बसतो. आंबलेलं दूध कुणीही ओळखेल. पण आंबायला अजून दोन तास आहेत असं दूध, धुण्याच्या सोड्याचा अंश राहिलेल्या डब्यातलं दूध, गायीने वाटेत जंगली लसूण खाल्ला आहे असं दूध, हे ओळखायला त्याच्यासारखा माणूस लागायचा. फलाटावर त्याला पाठीमागे 'नाक' म्हणत. नाक आलं, नाक रजेवर आहे, नाकाचा आज मूड बरा नाही. त्याला ते माहीत होतं आणि आवडायचंही. प्रयोगशाळेतला पोरगेलासा केमिस्ट नळ्या आणि कागद घेऊन जे दुपारी सांगायचा ते याने पहाटे सांगितलेलं असायचं.

आणि दोन महिन्यांपूर्वी त्याने चौकशीत सांगितलं होतं, "माझ्या फलाटावरून खराब डबा आत गेलेला नाही." तीन आठवडे डेअरीच्या पिशव्यांतलं दूध घरोघर तापवताना फाटत होतं. तक्रारी आल्या, साहेब लोक आले, टेबलाभोवती बसले. त्याने ते एक वाक्य सांगितलं आणि कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. नाक चुकत नाही, मग टाकी चुकली असणार. टाकी धुणारा गडी अकरा वर्षं टाकी धूत होता. रबरी बूट घालून आत उतरायचा आणि आतून काहीतरी गुणगुणायचा, ते बाहेर घुमत यायचं. त्याने शपथ घेऊन सांगितलं की मी एकही दिवस कुचराई केली नाही. त्याला काढून टाकलं. जाताना तो फलाटावर येऊन एवढंच म्हणाला होता, "साहेब, तुम्ही तरी एकदा आत उतरून वास घ्यायचा होता." तेव्हा याला वाटलं होतं की चोराच्या उलट्या बोंबा.

दार बंद झाल्याचा आवाज आला तशी त्याने कॉफीचा डबा उघडला. नाक आत घातलं. कॉफीचा वास आला. त्याला हायसं वाटलं, आणि मग त्याच क्षणी भीती वाटली. डोळे मिटून त्याने फळीवरचे तीन डबे चाचपून जागचे हलवले, पत्त्यांसारखे पिसले, एक उचलला, उघडला. काही नाही. नुसती हवा. पोकळ, गार, कसलीच नसलेली हवा. डोळे उघडून पाहिलं तर तोच कॉफीचा डबा होता. पाहिल्याबरोबर वास आला. कांदा कापला, डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. मोरीतल्या फिनेलची बाटली उघडली, ते नाकात आत कुठेतरी झोंबलं, चिमटा काढल्यासारखं, पण झोंबणं वेगळं आणि वास वेगळा. कपाटातून बायकोचा रुमाल काढला, अंगाचा साबण काढला, स्वतःचे फलाटावर घालायचे बूट काढले. पाहिलं की येत होतं, डोळे मिटले की जात होतं. म्हणजे नाकाने काम कधी सोडलं कुणास ठाऊक. डोकं एखाद्या इमानी कारकुनासारखं जुन्या नोंदी काढून त्याच्यापुढे ठेवत होतं, आणि हा त्यावर सही करत होता. मग डबे? साडेचारशे डबे, सगळे सारखे, पत्र्याचे, त्यातलं दूध सारखंच पांढरं. तिथे डोळ्यांना काय दिसत होतं, ज्यावरून तो आत की परत सांगत होता? तो खुर्चीवर बसला आणि आठवू लागला, आणि त्याला तोंडं आठवली. डबे आणणाऱ्यांची तोंडं. ज्याचा चेहरा धास्तावलेला त्याचा डबा परत, जो बेफिकीर त्याचा डबा आत. बरेच महिने तो माणसं वाचत होता आणि त्याला वाटत होतं की दूध वाचतोय. जे अट्टल होते त्यांचे चेहरे कधी बदललेच नसतील.

हे सगळं परवडलं असतं. नाक गेलं, नोकरी गेली, माफी मागितली, संपलं. पण वडिलांचं नाक असंच गेलं होतं.

वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी एकदा ते जेवताना म्हणाले, आज भाजीला वास का नाही, आणि घरात हसू पिकलं. आई फार चेष्टेखोर. तिने त्यांचे डोळे बांधले, नाकाखाली एकदा कांदा धरला आणि एकदा अत्तर, आणि ते दोन्ही वेळा गंभीरपणे "अत्तर" म्हणाले. तो तेव्हा कॉलेजात होता. पोट धरधरून हसला होता. पुढे कितीतरी दिवस पाहुणे आले की हा खेळ व्हायचा आणि वडीलही हौसेने डोळे बांधून घ्यायचे, घरात आपल्यावरून एवढी मजा होते याचं त्यांना अप्रूप असावं. पाच वर्षांनी त्यांचं अक्षर बारीक व्हायला लागलं. औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहायचे ते. ओळ सुरू व्हायची मोठ्या अक्षरात आणि शेवटी मुंगीएवढी व्हायची, लोक बाटल्या परत घेऊन यायचे, कंपाउंडरसाहेब, किती वेळा घ्यायचं हे वाचता येत नाही. मग अंगठा थरथरायला लागला. मग चेहरा. चेहऱ्यावरचं सगळं हलणं थांबलं, ते रागावलेत की खूश आहेत कळेना, आणि आईने चेष्टा करायचं सोडून दिलं. शेवटची तीन वर्षं ते अंथरुणात नुसत्या ओंडक्यासारखे होते. तो त्यांना चमच्याने पाणी पाजायचा, पाणी गिळायला त्यांना मिनिट मिनिट लागायचं, आणि सबंध मिनिट ते त्याच्याकडे बघत राहायचे. तेव्हा कधीतरी डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, वास येणं कधी बंद झालं होतं? कधीकधी ते सगळ्यात आधी जातं, दहा-दहा वर्षं आधी. आणि हा कंपवात घराण्यात पुढे येतो का, असं त्याने विचारल्यावर डॉक्टर म्हणाले होते, सहसा नाही. सहसा, हा शब्द त्याने वीस वर्षं खिशात बाळगला होता. तो चोपन्न वर्षांचा होता.

त्याने हात समोर धरले. स्थिर होते. फळीवर वाइनच्या बाटल्या होत्या, प्रत्येकीवर त्याच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, खेप आणि तारीख. तिसऱ्या खेपेपासून अठराव्यापर्यंत एका रांगेत. चार पावलं टाकली असती तर अक्षरं ताडून पाहता आली असती. तो चार पावलं गेला, आणि न पाहता एकेक बाटली भिंतीकडे तोंड करून ठेवत गेला. भित्रा आहे मी, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते खरं होतं.

दुपारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, आणि गेल्या महिन्यात आली तेव्हा हौसेने त्याच गाळातला अर्धा भाग बाटलीत घालून घेऊन गेली होती. बायकोने फोन घेतला आणि घेतल्या घेतल्या म्हणाली, "अगं, तो बाबांनी दिलेला गाळ टाकून दे बाई. इथला पार नासलाय, घरभर नेलपॉलिश सांडल्यासारखं झालंय." मग तिने फोन त्याच्याकडे दिला.

"बाबा, आई काय म्हणतेय? मी तर परवाच घातला. छान होता की."

"वास घेतला होतास?"

"हो, घेतला ना. तुम्ही सांगितलं होतं तसा. डोळे मिटून." ती हसली. "मस्त पावासारखा होता."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. बायको समोर उभी होती.

"बाबा? आहात ना?"

"आहे, आहे. तुझा चांगला राहिला असेल. इथल्या बरणीचं झाकण सैल होतं," तो म्हणाला. "जपून राहा." झाकण खरंच सैल होतं. असावं. तिचं वय सव्वीस. सव्विसाव्या वर्षी असलं काही होत नसतं, आणि एकाच बरणीतले दोन भाग, एक सैल झाकणाखाली नासतो आणि एक नासत नाही, यात न पटण्यासारखं काय आहे. पण जेवणानंतर तो पडला तेव्हा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला. तिला विचारावं का, शेजारणीला वास घ्यायला सांग म्हणून? विचारलं तर का विचारलं ते सांगावं लागलं असतं. आजोबा गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिला आठवत होते ते नुसते गप्प असलेले आजोबा, तिला वाटायचं म्हातारी माणसं अशीच असतात. डोळे मिटून वास घ्यायला तिला यानेच शिकवलं होतं.

संध्याकाळी बायकोला कळलंच. रसाची बरणी फसफसत होती, आणि बुडबुड्यांबरोबर जे बाहेर येत होतं ते तिच्या नाकाला पुरेसं होतं. ती भांडली नाही. नुसतं म्हणाली, "घातलं होतंत ना? मग सांगायचं की. ओतून टाकू. त्यात एवढं काय."

"राहू दे," तो म्हणाला. "उठेल त्यातून."

"नासलेलं कधी उठतं का?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, हलक्या आवाजात, "उद्या डॉक्टरकडे जाऊ या का आपण?"

"कशाला? सर्दी आहे." तिला वडिलांचं सगळं माहीत होतं. शेवटची तीन वर्षं त्यांची चादर तिनेच बदलली होती. ती खिडकी उघडायला गेली. बरणीकडे पाहिलं तर कुणालाही वाटलं असतं काय जोमदार खेप आहे.

सोमवारी पहाटे तो फलाटाकडे निघाला तेव्हा त्याने ठरवलं होतं. पाळी संपली की साहेबांच्या खोलीत जायचं, उभ्या उभ्या सांगायचं. माझं नाक गेलं आहे, कधी गेलं माहीत नाही, टाकी धुणाऱ्याला परत बोलवा. तीन वाक्यं. वाटेत ती त्याने घोकली. तिसरं आधी घ्यावं असंही वाटलं, म्हणजे मागे फिरायला वाट राहणार नाही. फलाटावर दिवे होते, ओल्या सिमेंटवरून वाफ निघत होती, डबे एकमेकांवर आपटत होते. आज शेवटचाच दिवस आहे असं समजून त्याने झाकणं उचलायला सुरुवात केली, आणि तोंडांकडे पाहायचं नाही असा निश्चय केला. न पाहता पहिल्या डब्याशीच त्याचा हात थांबला. झाकण नाकाशी, समोर पत्रा, आत गार पोकळ हवा. मागे रांग. त्याने हात वर केला, आत. दुसरा आत. तिसरा आत. एक मध्येच परत केला, अगदीच सगळे आत गेले तर विचित्र दिसेल म्हणून. तो माणूस काही न बोलता डबा घेऊन गेला, आणि ते सगळ्यात वाईट होतं. तो माणूस त्याच्यावर विश्वास ठेवून गेला होता.

उजाडता उजाडता टेकडीपलीकडची मावशी आली. तिला सगळेच मावशी म्हणत. पन्नाशीची, नवरा नाही, चार गायी, दोन डबे, आणि पंधरा वर्षांत तिने कधी नजर चुकवली नव्हती. तिचं झाकण त्याने उचललं, नाकाशी धरलं, आणि दोन सेकंदांच्या जागी दहा सेकंद झाले. मग इतक्या वर्षांच्या नोकरीत जे कुणाला विचारलं नव्हतं ते त्याने हळूच विचारलं.

"मावशी, तूच सांग. कसं आहे?"

तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "आंबट आहे साहेब. तुमच्यापासून काय लपवायचं. दूध थंड करायचं मशीन बंद पडलंय, संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत टिकत नाही. तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून कळत असणार, तरी तुम्ही चार महिने आत घेताय."

"चार महिने?"

"हिवाळा संपल्यापासून." तिचा आवाज आणखी खाली आला. "माझंच नाही, आणखी चार-पाच जणांचं घेता. आम्ही बोलत नाही कुणापाशी. पण आपापसांत म्हणतो, साहेब किती बदलले. पूर्वी नुसता संशय आला तरी डबा परत. आणि त्या टाकीवाल्याला काढल्यापासून तर तुम्ही जास्तच मऊ झालात. मनाला लागलं असेल तुमच्या. आता कुणाच्या पोटावर पाय आणायचा नाही असं ठरवलंय म्हणे साहेबांनी."

मागचा डबा पुढच्याला लागून ठण्णकन वाजला. कुणीतरी ओरडलं, काय झालं, थांबलं का. फलाटाच्या टोकाला कठड्याशी उभा असलेला सुपरवायझर इकडे पाहू लागला. चार महिने. टाकी धुणारा त्यातले दोन महिने याने आत पाठवलेली घाण रोज खरवडत होता, गुणगुणत होता. तीन वाक्यं त्याच्या जिभेवर होती. आणि त्याच वेळी त्याला दिसलं की या लोकांनी त्याला एक जागा करून दिली आहे. मऊ झालेला माणूस. त्याचं कुणी काही वाकडं करत नाही. लोक त्याला दुवा देतात, नोकरी चालू राहते, घरी बायको काही विचारत नाही, मुलीला काही कळवावं लागत नाही, बाटल्या भिंतीकडे तोंड करून राहतात. नाक गेलेल्या माणसाला मात्र डॉक्टरसमोर बसावं लागतं, डॉक्टर म्हणतात हात पुढे करा, एक ओळ लिहून दाखवा. आता डबा परत केला, तर उद्या हेच लोक विचारणार, मग चार महिने का घेतलंत? त्या प्रश्नाला दोनच उत्तरं होती, आणि त्यातलं एक ही बाई त्याच्यासमोर हातात घेऊन उभी होती.

"साहेब, परत करायचा असेल तर करा," मावशी म्हणाली. "तुमच्यावर बालंट नको यायला."

"नाही ग," तो म्हणाला. "चालायचंच."

त्याने झाकण डब्यावर बसवलं, तळहाताने दोनदा थोपटलं आणि सुपरवायझरला दिसेल असा हात वर केला. डबा रोलरवरून घसरत टाकीकडे गेला. आजवर जे गेलं ते न कळता गेलं होतं. हा कळून गेला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसत ती म्हणाली की देव तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य देवो.